दुकानात गेला की चालणारा लॅपटॉप

लॅपटॉप मार्चमध्ये बंद पडणं वेगळं आणि जुलैच्या अखेरीस बंद पडणं वेगळं. मार्चमध्ये माणूस चरफडतो, दोन शिव्या हासडतो आणि बाजाराच्या दिवशी बघू म्हणतो. जुलैच्या अखेरीस दारात माणसं उभी असतात. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या पिशवीत बँकेचं पासबुक आणि पीकपेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विमा आणला, तेव्हा ३१ जुलैच्या मुदतीला सर्व्हरने इतकी मान टाकली की मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. ती योजना २०२५ च्या खरिपापासून बदलली, हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या वाट्याला आला. शेवटच्या आठवड्यातली घाई मात्र काही बदलली नाही.

दुसरबीड हे जुन्या मुंबई–नागपूर रस्त्यावरचं, सिंदखेडराजा आणि मेहकर यांच्या मधलं गाव. जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे ते एकेकाळी बुलढाणा जिल्ह्याबाहेरही माहीत होतं. आता समृद्धी महामार्गही याच भागातून जातो. मुंबईचं अंतर त्यामुळे कमी झालं, पण लॅपटॉपचा डिस्प्ले गेला तर अजूनही जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगरच गाठावं लागतं. अशा गावात घरात एक चालता लॅपटॉप असला की तो एकट्याचा राहत नाही. शेतकऱ्याला विम्याचा अर्ज स्वतःच्या लॉगिननेही भरता येतो, हे एकदा गल्लीत कळलं की संध्याकाळी ओसरीवर कागदं घेऊन माणसं येऊ लागतात. प्रस्तुत लेखकाच्या ओसरीवरही येत.

तो अर्ज भरताना एका रात्री पडदा गेला. आधार क्रमांक टाकून झाला होता, गट नंबर निवडून झाला होता, आणि एकदम काळोख. पंख्याची घरघर चालूच. कॅप्स लॉकचं बटण दाबलं की त्याचा बारीक दिवा लागत होता, पुन्हा दाबलं की विझत होता. म्हणजे यंत्र जिवंत होतं, फक्त चेहरा दाखवत नव्हतं.

“झालं का हो भाऊ?” ओसरीवरून आवाज आला.

“डिस्प्ले गेला, काका.”

“मंग आता?”

आता काय, सकाळी बघू. सकाळी टेबलावर ठेवून उघडला, तर जसाच्या तसा. लख्ख. जणू रात्री काही घडलंच नव्हतं. अर्धा भरलेला अर्ज तेवढा उडाला. मग हा खेळच सुरू झाला. दिवसा धड, रात्री काळा.

गावात निदानाला तोटा नसतो. एक म्हणाला व्हायरस. दुसरा म्हणाला, पावसाची ओल गेली असेल, तांदळाच्या डब्यात ठेवा. बहुमत मात्र होल्टेजच्या बाजूने होतं. रात्री सगळीकडे दिवे, पंखे, टीव्ही चालू, होल्टेज पडतं आणि डिस्प्ले जातो, असा साधा सरळ हिशोब. हा हिशोब आला कुठून तेही उघड आहे. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला आणि त्याच्या डबड्यासारख्या मॉनिटरला पडत्या दाबाचा खरंच त्रास व्हायचा, पडदा आक्रसायचा, मशीन रीस्टार्ट व्हायची. लॅपटॉपचं तसं नाही. त्याच्या अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे दाब बराच खाली गेला तरी तो काम भागवतो. त्याहूनही खाली गेला तर चार्जिंग थांबेल आणि लॅपटॉप बॅटरीवर जाईल. एवढंच एक पाहण्यासारखं असतं की बॅटरीवर जाताच काही लॅपटॉप उजेड आपणहून कमी करतात. तो आधीच तळाला असेल तर पडदा गेल्यासारखाच दिसतो. म्हणून काहीही करण्याआधी उजेड वाढवायचं बटण दाबून पाहावं. हे इतकं साधं आहे की कुणी करत नाही.

तांदळाचा उपाय मात्र निकालात काढलेला बरा. २०२४ च्या सुरुवातीला अ‍ॅपलनेच आपल्या ग्राहकांना बजावलं की भिजलेला फोन तांदळात पुरू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. लॅपटॉपला तर फोनपेक्षा जास्त भोकं असतात.

जालन्यातल्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप काउंटरवर ठेवला, बटण दाबलं, डिस्प्ले आला. त्याने एक व्हिडिओ लावून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाला लागला. कितीतरी वेळ तो व्हिडिओ बिनघोर चालला. “भाऊ, याला काहीच झालं नाही. घेऊन जा,” तो म्हणाला आणि पैसेही घेतले नाहीत. माणूस सचोटीचा होता. दुसरा कुणी असता तर याच क्षणी ‘पॅनेल बदलावं लागेल’ म्हणाला असता. रात्री ओसरीवर पुन्हा तोच काळोख.

विमानांच्या दुरुस्तीत या प्रकाराला ‘नो फॉल्ट फाउंड’ असं नावच आहे. वैमानिक बिघाडाची नोंद करतो, तो सुटा भाग काढून तपासणीच्या टेबलावर जातो आणि तिथे तो धडधाकट निघतो. पुन्हा विमानात बसवला की पुन्हा तक्रार. वैमानिक खोटं बोलत नसतो आणि तपासणाराही. टेबलावर आकाशातली थंडी नसते, इंजिनाची थरथर नसते, आणि बिघाडाला नेमकी तीच लागते. दुरुस्तीच्या दुकानातलं काउंटरही असंच निर्मळ असतं. त्यामुळे ‘काय बिघडलं’ या प्रश्नाच्या आधी ‘कशात बिघडतं’ हा प्रश्न विचारावा लागतो.

तो विचारल्यावर रात्र आणि दिवस हा फरकच खोटा ठरला. सकाळचं काम टेबल-खुर्चीवर होत असे. रात्री माणसं ओसरीवर सतरंजीवर बसलेली, म्हणून लॅपटॉपही खाली, चौरंगावर. चौरंग बुटका, बसणाऱ्याचे डोळे वर, मग पडदा नीट दिसावा म्हणून झाकण पार मागे कलतं करावं लागे. टेबलावर ते काटकोनाच्या जरासंच पुढे असे. दुकानाच्या काउंटरवरही तसंच. बिघाडाला रात्र नको होती, चौरंग हवा होता.

मग झाकण अगदी सावकाश, बोटभर बोटभर मागे नेत पाहिलं. एका जागी पडदा लुकलुकला. आणखी थोडं मागे, आणि गेला. पुढे आणलं की आला.

लॅपटॉपचं झाकण आणि त्याचं धड यांच्यामध्ये एक पातळ केबल असते. ती बिजागरीच्या कुशीतून जाते. चित्राचे संकेत तिच्यातून जातात आणि पडद्यामागच्या उजेडाची वीजही तिच्यातूनच जाते. केसासारख्या बारीक तारांची ती जुडी असते, आणि प्रत्येक उघडझापीला ती वाकते. दिवसाला दहा वेळा झाकण उघडलं तर वर्षाला साडेतीन हजारांहून जास्त वाक होतात. त्यातली एखादी तार आतल्या आत तुटते, पण तुटलेली टोकं एकमेकांना टेकून असतात. एका कोनात टेकतात, दुसऱ्या कोनात सुटतात. कधी तार शाबूत असते, पण टोकाचा कनेक्टर खाचेतून अर्धा निसटलेला असतो. लॅपटॉप दुचाकीच्या डिकीत टाकून खड्ड्यांच्या रस्त्याने नेणाऱ्यांच्या बाबतीत हे दुसरं जास्त संभवतं.

हे फक्त स्वस्त लॅपटॉपचं दुखणं आहे असंही नाही. अ‍ॅपलच्या २०१६ सालच्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याची केबल इतकी आखूड ठेवली होती की झाकण उघडताना ती सर्किटच्या कडेवर घासून ताणली जाई. आधी पडद्याच्या तळाशी नाटकाच्या रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत दिसत, मग झाकण ठरावीक कोनापुढे गेलं की उजेडच जाई, आणि झाकण मिटत आणलं की परत येई. आयफिक्सइट या दुरुस्तीविषयक संस्थेने जानेवारी २०१९ मध्ये हे उघडं केलं, लोकांनी त्याला ‘फ्लेक्सगेट’ म्हटलं. २०१८ च्या मॉडेलमध्ये तीच केबल २ मिलिमीटरने लांब केल्याचं त्यांना आढळलं. मे २०१९ मध्ये कंपनीने १३ इंची मॉडेलसाठी फुकट दुरुस्तीची योजना जाहीर केली. वाईट भाग असा की ती केबल पडद्याशी कायमची जोडलेली होती, त्यामुळे एवढ्याशा केबलपायी संपूर्ण पडदा बदलावा लागे. आपल्याकडच्या बहुतेक साध्या लॅपटॉपांत केबल सुटी मिळते. सहसा ती काही शे रुपयांत येते, पॅनेलला काही हजार लागतात. म्हणून या दोहोंतलं नेमकं काय गेलंय ते माहीत असणं खिशाच्या दृष्टीने महत्त्वाचं.

ते शोधायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. लॅपटॉप चालू ठेवावा, खोलीतला दिवा घालवावा, आणि टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरका धरून फिरवावा. काळ्या काचेत, विहिरीच्या पाण्यात खोल काहीतरी दिसावं तसं, फिकट चित्र दिसतं का पाहावं. चिन्हं, माऊसचा बाण, अर्धवट अर्ज. दिसलं तर चित्र तयार होतंय, गेला आहे तो फक्त मागचा उजेड. एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत, मागून येणारा उजेड अडवायचा की सोडायचा एवढंच ते करतात. (हे द्रवस्फटिक १८८८ मध्ये पहिल्यांदा लक्षात आले ते फ्रीडरिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला, गाजरातल्या एका पदार्थावर काम करताना. टीव्हीपासून मोबाइलपर्यंत सगळं एका अर्थी गाजरातून आलं म्हणायचं.) प्रस्तुत लेखकाच्या लॅपटॉपवर टॉर्च मारला तेव्हा विम्याचा अर्ज तिथेच होता, गट नंबरासकट. पाहून राग जास्त आला की समाधान, हे सांगता येत नाही.

टॉर्चने काहीच दिसलं नाही तर पुढची पायरी टीव्हीची. एचडीएमआयची तार लावून लॅपटॉप टीव्हीला जोडावा. टीव्हीवर चित्र आलं तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स बहुतेक ठीक, घोटाळा केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये. टीव्हीवरही काळं तर दुखणं आत आहे. अडल्या वेळी टीव्हीवर काम उरकूनही घेता येतं. फक्त ओसरीवरच्या सगळ्यांना शेजाऱ्याचा आधार क्रमांक आणि बँक खातं बत्तीस इंचांत वाचायला मिळतं, तेव्हा आधी दार लोटून घ्यावं.

डेलच्या लॅपटॉपांत आणखी एक सोय असते. बंद लॅपटॉपचं ‘डी’ हे बटण दाबून धरून पॉवरचं बटण दाबलं की पडदा स्वतःची परीक्षा घेतो आणि लाल, हिरवा, निळा, पांढरा असे रंग ओळीने दाखवतो. रंग स्वच्छ आले तर पॅनेलला दोष देऊ नये. बाकीच्या कंपन्यांच्या अशा युक्त्या त्यांच्या पुस्तिकेत असतात, जी आपण खोक्यासकट माळ्यावर टाकलेली असते.

आता केबल सोडून दुसरी कारणंही पाहायला हवीत, कारण आपोआप बरा होणारा प्रत्येक पडदा बिजागरीचा नसतो.

पडदा क्षणभर काळा होऊन लगेच परत येत असेल तर बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर असतं. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये अशी व्यवस्था आहे की ग्राफिक्सने साधारण २ सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते. काळोख होतो, पडदा येतो, आपण चकित होतो. अशा वेळी ड्रायव्हर अद्ययावत करावा. पडदा काळा असताना स्वतःही हा झटका देता येतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की बारीक ‘बीप’ होते आणि पडदा परत येण्याची शक्यता असते. शाळेत प्रोजेक्टरला लावून आणलेला लॅपटॉप घरी काळा दिसतो, त्यात तर बिघाडही नसतो. चित्र फक्त बाहेरच्या पडद्यावर पाठव असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. विंडोज आणि पी दाबून ते पूर्ववत होतं.

चुंबकाचा प्रकार जास्त गमतीचा आहे. झाकण मिटलं हे लॅपटॉपला कळतं ते बहुधा एका चुंबकामुळे. झाकणात लहानसा चुंबक असतो आणि धडात, मनगट टेकवतो त्या भागात कुठेतरी, चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. त्या जागी मोबाइलचं चुंबकी झडपेचं कव्हर ठेवलं, किंवा मनगटावर चुंबकी पट्ट्याचं घड्याळ असलं, की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं, आणि तो पडदा घालवून झोपी जातो. हात उचलला की जागा होतो. एका लॅपटॉपवर दुसरा लॅपटॉप ठेवला तरी हे होऊ शकतं. आपल्या बाबतीत हे घडतंय का ते पाहायला खर्च शून्य. आजूबाजूचं सगळं दूर करावं आणि घड्याळ काढून ठेवावं.

रात्री मेलेला लॅपटॉप सकाळी चालू होण्यामागे आणखी एक कारण असतं. विजेचा कारभार पाहणारा छोटा नियंत्रक कधीकधी चुकीच्या अवस्थेत अडकून बसतो. बटण दाबलं तरी तो ऐकत नाही. रात्रभरात बॅटरी पार उतरते, नियंत्रक कोरा होतो, सकाळी चार्जर लावला की सगळं सुरळीत. हेच काम रात्र न घालवता करता येतं. चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरावं. मग फक्त चार्जर लावून सुरू करावा. न जतन केलेलं काम यात जातं, हे मात्र आधी लक्षात घ्यावं.

दुकानात अशा लॅपटॉपची रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतात आणि पुन्हा बसवतात, तेव्हा पाहणाऱ्याला ती चेष्टा वाटते. ती चेष्टा नव्हे. ओलीने आणि धुळीने त्या दातांवर पापुद्रा येतो, संपर्क तुटतो, आणि रॅम नीट लागली नाही तर पडद्यावर काहीच येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल आणि लगेच पुढे सोयाबीनच्या काढणीची धूळ, त्यामुळे पापुद्र्याला पोषक हंगाम लांबलचक असतो. वॉरंटीत असलेला लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नये, आणि उघडलाच तर आधी बॅटरीचा जोड काढावा.

उष्णतेचं दुखणं सगळ्यांत फसवं. तापल्यावर पडदा जातो, निवल्यावर येतो. बहुतेक लॅपटॉपांच्या पुस्तिकेत भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखाली काम करणारा माणूस ती मर्यादा सकाळी दहालाच मोडून बसलेला असतो. त्यात लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवला की खालची जाळी बंद. पंखा साफ करून घेतला की पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. पण आत चिपखालचे सोल्डरचे टाके चिरलेले असतील तर गोष्ट वेगळी. तापून-निवून ते टाके तडकतात, गरम असताना फुगून टेकतात, किंवा उलट सुटतात. २००८ च्या जुलैमध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या आपल्या ग्राफिक्स चिपांच्या अशाच दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. त्या काळात लोक मदरबोर्ड चक्क स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजत, आणि तो चालूही होई! काही आठवडे. आपल्याकडच्या दुकानांत हीट गन मारून देतात, तो त्याचाच धाकटा भाऊ. ‘गरम करून दिली, चालू झाली’ असं कुणी सांगितलं तर पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारावा, किती दिवस?

धातूचे प्रतापही कमी नाहीत. कथिलाच्या मुलाम्यातून आपोआप केसाहून बारीक तंतू उगवतात. ते शेजारच्या तारेला टेकले की शॉर्ट होतो, आणि पुरेशी वीज वाहिली की तो तंतू जळून जातो आणि बिघाडाचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. १९ मे १९९८ ला गॅलेक्सी ४ हा उपग्रह निकामी झाला आणि अमेरिकेतले बहुसंख्य पेजर एका दिवसात मुके झाले, त्याचं कारण असेच तंतू ठरले. मिश्रणात शिसं घातलं की ही वाढ पुष्कळ आटोक्यात राहते, पण शिसं विषारी, म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून ते बहुतेक घरगुती इलेक्ट्रॉनिक्समधून हद्दपार केलं. ते योग्यच झालं. आपल्या ओसरीवरच्या लॅपटॉपमागे उपग्रहाइतकं रहस्य सहसा नसतं, पण ‘आपोआप गेलं, आपोआप आलं’ यात भुताटकी नाही एवढं यातून पटावं.

पडदा परत आला की माणूस पहिलं काय करतो? अर्धं राहिलेलं काम पुरं करायला धावतो. प्रस्तुत लेखकाचं मत याच्या विरुद्ध आहे. परत आलेला पडदा म्हणजे विम्याला मिळालेली मुदतवाढ, अर्ज अजून भरायचाच आहे. त्या वेळेत आधी फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात. फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची स्कॅन केलेली कागदपत्रं, सगळं. मग बिटलॉकरची किल्ली पाहावी. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला की लॅपटॉप ४८ अंकी किल्ली मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड बहुतेकांना आठवत नसतो, कारण ते खातं दुकानदाराने घाईघाईत काढून दिलेलं असतं. पडदा दिसतोय तोवर ती किल्ली कागदावर उतरवून घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी.

आणि बिघाडाची नोंद. वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी पुरतात. लॅपटॉप कुठे ठेवला होता, झाकण किती मागे होतं, चार्जर लावलेला होता का, आणि सुरू करून किती वेळ झाला होता. पुढच्या वेळी पडदा जाईल तेव्हा हात लावण्याआधी मोबाइलवर चित्रण करावं, त्यात कॅप्स लॉकचा दिवा आणि झाकणाचा कोन दोन्ही येऊ द्यावेत. हे चित्रण दुरुस्तीवाल्याच्या हाती दिलं की ‘याला काहीच झालं नाही’ हे वाक्य त्याला म्हणता येत नाही. जालन्याच्या त्याच दुकानात दुसऱ्या खेपेला चित्रण दाखवलं, तर त्याने लॅपटॉप सुरूसुद्धा केला नाही. सरळ स्क्रू ड्रायव्हर घेतला, पडद्याभोवतीची चौकट उचकटली आणि बिजागरीपाशी केबलचं आवरण जिथे सोललं होतं तिथे बोट ठेवलं.

लॅपटॉप दुकानात ठेवून यायचा असेल तर त्यातली दुसऱ्यांची आधार कार्डं आणि पासबुकं आधी बाहेर काढावीत, लॉगिनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नये. डिस्प्ले तपासायला पासवर्ड लागत नाही, लॉगिनचं पान दिसलं तरी पुरतं. आधी केबल, मग पॅनेल, हा क्रम आग्रहाने सांगावा. काढलेला जुना भाग परत मागावा. पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर भागाचं नाव आणि किती महिन्यांची हमी ते लिहून घ्यावं. बिल नसेल तर पुढे तक्रार करताना हात रिकामे राहतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यावर सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील पाहता येतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी कंपनीचं सेवा केंद्र गाठावं, कारण बाहेर उघडलेल्या लॅपटॉपवर वाद होतात.

केबल बदलताना बिजागरीही पाहायला सांगावी. ती कडक झालेली असेल तर झाकण उघडताना सगळा जोर प्लास्टिकवर आणि केबलवर येतो, मग नवी केबलही त्याच वाटेने जाते. नट थोडा सैल केला आणि केबल तिच्या मूळ खाचेतून नीट वळवून घेतली की काम टिकतं. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर ती सोडून मध्ये धरून उघडावं. आणि पैसे देण्याआधी, दुकानातच, झाकण पार मागे नेऊन, सावकाश मिटून, पुन्हा उघडून पाहावं. चौरंगावरचाच कोन हवा असेल तर लॅपटॉप काउंटरवरून खाली, स्टुलावर ठेवायला सांगावं. दुरुस्तीवाला हसला तर हसू द्यावं.